दाणेदार ग्लेझ: बादलीत विरघळतं, फुलदाणीवरून ओघळतं. काय करू?

गोदाकाठची_माती (नाशिक)

नमस्कार मंडळी. घरामागच्या शेडमध्ये माझी छोटी इलेक्ट्रिक भट्टी आहे. स्टोनवेअर माती, बिस्क (पहिली भाजणी) १००० अंशांना, ग्लेझ (वरचा काचेसारखा लेप) कोन ६ ला (कोन म्हणजे भट्टीतल्या उष्णतेचं माप) म्हणजे १२२० च्या आसपास, आणि वरच्या तापमानाला पंधरा मिनिटं धरते. फुलदाण्या, दिव्यांच्या बैठका, कुंड्या असं काम चालतं. दिवाळीआधी एका दुकानाला ताटल्याही द्यायच्या आहेत.

मला पृष्ठभाग दाणेदार हवाय. ब्रश झटकून उडवलेले ठिपके नकोत. हात फिरवला की दाणा लागला पाहिजे, आणि काही ठिकाणी दाणा वितळून रंगाचं छोटं तळं झालेलं दिसलं पाहिजे. दोन मार्गांनी करून पाहिलं.

एक म्हणजे, ओळखीच्या टाइल डीलरकडून मोरबीचं ग्रिट मिळालं, काचेसारखे चमकणारे पांढरे दाणे. डिंक लावून त्यावर भुरभुरवले. ताटलीवर बरं दिसलं, पण दाणा उरलाच नाही, नुसता चकचकीत ठिपका. फुलदाणीवर मात्र सगळं ओघळलं, जाताना खालचं मॅट ग्लेझही कापत गेलं आणि बूड शेल्फला चिकटलं.

दुसरं म्हणजे, माझंच निळं ग्लेझ वाळवून खलबत्त्यात कुटलं आणि पांढऱ्या ग्लेझवर टाकलं. हवे होते निळे दाणे, आला निळसर-करडा फराटा. उरलेले दाणे पांढऱ्या ग्लेझच्या बादलीत घालून ढवळले, तर थोड्या वेळात अख्खी बादलीच फिकट निळी.

तर विचारायचंय ते असं: दाणे बादलीत विरघळू नयेत म्हणून काय करायचं? उभ्या भांड्यावर ते टिकवायचे कसे? आणि ताटलीच्या आत, जिथे जेवण वाढणार, तिथे वापरू का? व्हिडिओंमध्ये सगळे तयार बाटल्या उघडून दाखवतात, दाणा करायचा कसा हे कोणी सांगत नाही.

भट्टीसमोर (सांगली)

ताई, आधी पोत्यावर काय छापलंय ते बघा. 'वॉल टाइल' लिहिलंय की 'जीव्हीटी' (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइल)? तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

मी मोरबीला टाइलच्या कारखान्यात ग्लेझ लाइनवर होतो, आता सांगलीत स्वतःचं काम करतो. ग्रिट म्हणजे फ्रिटच. कच्चा माल भट्टीत वितळवून काचेचा रस करतात, तो पाण्यात सोडतात, तिथेच तडकून त्याचे तुकडे होतात. हे तुकडे दळून पीठ केलं की ग्लेझमध्ये घालायचं फ्रिट, आणि नुसते भरडून मापाप्रमाणे चाळले की ग्रिट. लाइनवर टाइल पट्ट्यावरून येते. आधी ग्लेझ, मग प्रिंट, मग जिथे दाणा हवा तिथेच गोंद. वरून ग्रिटचा पडदा पडतो आणि पुढच्या टप्प्याला जास्तीचं ग्रिट सक्शनने ओढून परत हॉपरमध्ये जातं. टाइलवर फुलाची नक्षी दाण्यांनी उठलेली दिसते ना, ती अशी होते.

आता तुमचं का ओघळलं ते. वॉल टाइल साधारण ११०० ते ११५० ला भाजते, जीव्हीटी १२०० च्या आसपास. रोलर भट्टीत टाइल शिरली की तासाभरात बाहेर, वरच्या तापमानाला ती काही मिनिटंच असते. तुमची भट्टी आठ-दहा तास चढणार, वर पंधरा मिनिटं थांबणार आणि विटा गरम असल्यामुळे उतरायलाही वेळ घेणार. मीटरवर आकडा तोच दिसला तरी दाण्याच्या अंगात गेलेली उष्णता कितीतरी जास्त. त्यात टाइल आडवी भाजतात, तिच्यावरून ओघळून जायला जागाच नसते. वॉल टाइलचं ग्रिट कोन ६ च्या फुलदाणीवर टाकलं तर ते ओघळणारच. ग्रिट वाईट नाही, ते तुमच्या कामासाठी बनवलेलं नाही. टाकून देऊ नका, त्याचा उपयोग खाली सांगतो.

दुसऱ्या प्रयोगात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. कच्च्या ग्लेझमध्ये चायना क्ले असते. वाळलेली माती पाण्यात टाकली की फुगून सुटते, तसंच तुमच्या दाण्यांचं झालं. पाण्यात कच्चा दाणा टिकत नाही, मग तो कितीही कडक वाळवा. आणि फराटा आला तो पिठामुळे. खलबत्त्यात कुटलं की निम्मं दाणा आणि निम्मं पीठ होतं. तुम्ही चाळलं नसणार. पीठ आधी वितळतं, बेसमध्ये मिसळतं आणि सगळं करडं करून टाकतं. दाणेदार ग्लेझचं अर्धं काम चाळणीचं आहे. लोक माझ्याकडे रेसिपी मागतात, कोणती चाळणी वापरता असं कोणी विचारत नाही.

चाळण्या दोन घ्या, ३० मेश आणि ६० मेश. ३० मधून पडतं ते ०.६ मिलिमीटरच्या आतलं, ६० वर अडकतं ते पाव मिलिमीटरच्या वरचं. मधला जो माल राहतो तोच वापरायचा, हाताला बारीक रव्याइतका लागतो. ६० खालचं पीठ त्याच रंगाच्या बादलीत परत. भिंतीवरच्या पॅनेलसाठी आणखी जाड हवा असेल तर १६ आणि ३० च्या मधला घ्या, पण तो भांड्यावर लावू नका, कपडे धरतो.

आता दाणा करायचा कसा. मी तीन तऱ्हांनी करतो.

सोपी तऱ्हा डिंकाची. कोमट पाण्यात सीएमसी (पावडरीचा डिंक), लिटरला १५ ग्रॅम, भुरभुरवून रात्रभर ठेवा. सकाळी ढवळलं की गुठळ्या राहत नाहीत. कोरड्या ग्लेझ पावडरीत हे थोडं थोडं घालून घट्ट गोळा मळा, प्लास्टरच्या लादीवर तीन-चार मिलिमीटर जाड पसरा. अर्धवट वाळलं, बोट लावलं तर डाग पडत नाही पण मोडलं तर तुटत नाही अशी वेळ आली, की २० मेशच्या चाळणीवर घासून खाली पाडा. पूर्ण वाळू द्या, मग ३० आणि ६० मधून काढा. हा दाणा फक्त वरून भुरभुरवायला. बादलीत टाकायचा नाही, त्याचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे.

बादलीत टिकणारा दाणा हवा तर तो आधी भाजून घ्यायचा. बिस्कची एक जाड वाटी घ्या, आतून अॅल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले निम्मं निम्मं पाण्यात कालवून दोन हात द्या, नाहीतर ग्लेझ वाटीला धरतं आणि वाटी फोडावी लागते. त्यात ग्लेझची कोरडी पावडर निम्म्यापर्यंत भरा. तुमच्या ग्लेझमध्ये बोरॉनचं फ्रिट असेल तर १००० च्या बिस्कमध्ये ती सरळ वितळेल, काचेचा गोळा हातात येईल. ८०० ते ८५० पुरे. कण एकमेकांना धरले पाहिजेत, वितळले नाही पाहिजेत. नखाने ओरखडा उठतो पण बोटांनी चुरत नाही, इतपत. फ्रिट नसलेलं, फेल्डस्पारचं कोन १० चं ग्लेझ असेल तर बिस्कमध्येच बिनधास्त ठेवा.

इथे एक खाच आहे, पुस्तकात ती सहसा सापडत नाही. ग्लेझमध्ये व्हाइटिंग, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असेल, तर ७०० ते ९०० च्या दरम्यान त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. वजनाच्या ४४ टक्के वायू जातो आणि मागे राहतो चुना. सगळा चुना सिलिकाला धरतोच असं नाही. उरलेला मोकळा चुना पावसाळ्यातल्या दमट हवेत पाणी ओढतो, फुगतो, आणि बरणीतले टणक दाणे महिन्याभरात भुसभुशीत होतात. बादलीत तर लगेच. म्हणून दाण्यासाठीच्या ग्लेझमध्ये चुना व्हाइटिंगमधून न आणता वोलॅस्टोनाइट या चुना-सिलिकाच्या खनिजातून आणा. राजस्थानातून येतं, सिरॅमिक कच्चा माल विकणाऱ्यांकडे मिळतं. १०० भाग व्हाइटिंगमधून जेवढा चुना येतो तेवढ्यासाठी साधारण ११६ भाग वोलॅस्टोनाइट लागतं, आणि त्यातून सिलिकाही येतो, तेव्हा रेसिपीतलं क्वार्ट्झ सुमारे ६० भागांनी कमी करा. भाजताना वायूही सुटत नाही, त्यामुळे दाण्याभोवती सुया टोचल्यासारखी भोकं पडत नाहीत.

तिसरी तऱ्हा तुमच्या पोत्यातल्या ग्रिटची, म्हणजे काचेच्या दाण्याची. तो वितळून तळं होण्यासाठीच वापरा. भिंगातून बघा, भाजलेल्या दाण्याचे कोपरे बोथट आणि धुरकट असतात, ग्रिटचे तुकडे धारदार, फुटल्या बाटलीसारखे शिंपल्याच्या वळणाचे. तुम्हाला दोन्ही हवेत, हाताला लागणारा आणि वितळलेला, तर दोन वेगळे दाणे करून मिसळा. एकाच दाण्याकडून दोन्ही कामं होत नाहीत.

हाताला लागायचा दाणा: तुमचंच बेस ग्लेझ १०० भाग, त्यात भाजलेली चायना क्ले १५, झिरकोनियम सिलिकेट १०, आणि रंगासाठी स्टेन (भाजून तयार केलेली रंगाची पावडर) ६ ते ८. अॅल्युमिना वाढला की ग्लेझ घट्ट होतं आणि दाणा उभा राहतो. सुरुवातीचे आकडे आहेत, तुमच्या बेसवर पाचेक भाग इकडेतिकडे होतील. नीट जमलं की भिंगाखाली दाण्याच्या मुळाशी बेसचं ग्लेझ किंचित वर चढलेलं दिसतं, आणि माथा कोरडा, थोडा फिका. वितळायचा दाणा: १०० भागांत फ्रिट १५ वाढवा, किंवा सरळ ग्रिट. मिश्रणात तीन भाग घट्ट दाणा आणि एक भाग वितळणारा, उभ्या भांड्यावर यापुढे जाऊ नका.

रंगाबद्दल. कोबाल्ट ऑक्साइड किंवा कार्बोनेट घातलेला दाणा भोवती निळी झाक सोडतो. काहींना आवडते, मला नाही. कडा स्वच्छ हव्यात तर तयार स्टेन वापरा. आणि पांढरं बेस टिन ऑक्साइडचं असेल तर त्यावर क्रोमचा हिरवा दाणा टाकू नका. क्रोम भट्टीत वाफ होऊन उडतं आणि टिनला धरून आसपास गुलाबी करतं. शेजारच्या भांड्यावरसुद्धा. बेसमध्ये झिंक असेल तर तेच हिरवं तपकिरी पडतं.

उभ्या भांड्यावर लावायचं तर बेस ग्लेझ आधी पूर्ण वाळू द्या. मग सीएमसीचं १ टक्का द्रावण मऊ ब्रशने एका वेळी तळहाताएवढ्या भागावर लावायचं आणि ओलं असतानाच दाणे टाकायचे. भांडं हातात आडवं धरून, खाली कागद ठेवून, फिरवत फिरवत. कागदावरचे दाणे परत वापरा. सगळीकडे झालं की बटर पेपरने हलकं दाबा. खालचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवा, बूड तर पुसूनच घ्या. आणि भांड्यावर करण्याआधी इंग्रजी 'एल'सारखी उभी राहणारी चाचणी-टाइल करा. आडव्या टाइलवर सगळंच छान दिसतं, तिथेच माणसं फसतात.

ताटलीच्या आत नको. दाणा चमच्याने, सुरीने खरवडला जातो, खाचेत अन्न बसतं आणि घासताना स्पंज फाटतो. काठाच्या बाहेर, ओठ लागतो तिथून दोन-तीन सेंटिमीटर खाली, हवा तेवढा करा. आणि मोरबीच्या त्या ग्रिटमध्ये शिसं नाही हे डीलरकडून लेखी घ्या. फोनवर सगळेच 'लेड-फ्री' म्हणतात.

एक राहिलं. कुटताना आणि चाळताना एन९५ मास्क, चष्मा, आणि काम झाल्यावर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. क्वार्ट्झची धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. कारखान्यात लाइनवर हे फार जवळून बघितलंय, त्यामुळे यात मी कोणाचं ऐकत नाही.

रत्नागिरीकर

काका, भारी लिहिलंय. माझा एक उपप्रश्न. आमच्या इथे काळबादेवी, मालगुंडच्या बाजूला किनाऱ्यावर काळी वाळू दिसते, पावसाळ्यानंतर तर पट्टेच्या पट्टे. त्यात इल्मेनाइट असतं असं ऐकलंय. ग्लेझमध्ये इल्मेनाइटचे दाणे घालून तपकिरी ठिपके आणतात ना? मग ही वाळू चाळून घातली तर?

भट्टीसमोर (सांगली)

ऐकलंय ते बरोबर आहे, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट आहे. इल्मेनाइट म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. दाण्याच्या रूपात अर्धा ते दोन टक्के घातलं तर कोन ६ ला हलक्या ग्लेझमधून तपकिरी-काळे ठिपके वर येतात, भोवती टायटॅनियममुळे पिवळसर कडं. झकास दिसतं.

पण किनाऱ्यावरून पिशवी भरून आणू नका. इल्मेनाइट, रूटाइल, झिरकॉन, मोनाझाइट असलेली किनाऱ्याची वाळू खाण कायद्यात अणुखनिजांच्या यादीत येते, तिचं खणणं-उचलणं सरकारच्या परवानगीचा विषय आहे. शिवाय तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे पुन्हा चुना, आणि मीठ. दुकानातून दाणेदार इल्मेनाइट घ्या, पुरवठादार देशातल्याच किनाऱ्यांवरचं, केरळ, तमिळनाडू, ओडिशाकडचं आणून विकतात. ठिपके जिवंत दिसायला हवेत तर ८० मेशपेक्षा बारीक घेऊ नका, त्याखाली ठिपका न दिसता सगळं ग्लेझच मळकट होतं.

बाजारातून आणलेल्या मालाची परीक्षा अशी. साधं चुंबक कागदाखालून फिरवा. जे टुणकन उभं राहतं ते मॅग्नेटाइट, ते काढून टाका, त्याचे ठिपके नुसते काळे पडतात. इल्मेनाइट साध्या चुंबकाला फारशी दाद देत नाही.

चाकचकीत (पुणे)

मी जरा वेगळं बोलतो. ग्लेझ भाजा, कुटा, चाळा, इतकी खटपट कशाला? फक्त हाताला लागणारा दाणा हवा असेल तर ग्रॉग (भाजून भरडलेली माती) वापरा. ३० ते ६० मेशचं ग्रॉग बाजारात पोत्यांनी मिळतं, किंवा फुटलेलं बिस्क भरडून घरी करा. स्टेन, थोडी चायना क्ले आणि सीएमसी यांच्या पातळ स्लिपमध्ये ते भिजवायचं, वाळवायचं, मोकळं करायचं. हा दाणा १२२० ला वितळण्याचा प्रश्नच नाही, बेस ग्लेझ त्याला धरून ठेवतं. माझ्या कुंड्या सगळ्या अशाच आहेत, उन्हापावसात बाहेर असतात.

आणि तळ्यासाठी बाटल्या. हिरवी, तपकिरी बाटलीची काच भरडून टाकली की फुकटात रंग.

भट्टीसमोर (सांगली)

ग्रॉगचं मान्य. कुंडीला तर मीही तेच सांगेन. पण ग्रॉगचा दाणा शेवटपर्यंत मातकटच दिसतो, त्याला ग्लेझची खोली येत नाही. ताईंना काय हवंय त्यावर आहे.

बाटलीच्या काचेचं मात्र नाही पटत. बाटलीची काच गरम झाल्यावर जितकी फुगते, त्याच्या तुलनेत स्टोनवेअर बरंच कमी फुगतं. साधारण काचेला ९ आणि मातीला ६-७, प्रति अंश दशलक्षांशात. थंड होताना काच जास्त आकसते, म्हणून तळं जाळीसारखं तडकतं. अॅशट्रेच्या तळाशी लोक मुद्दाम असं करतात, ते ठीक. पण जाड थर असेल तर पुढे कधीतरी चिप उडते, आणि ती चिप म्हणजे काच. घरात लहान मूल असेल त्या घरी मी असली वस्तू देणार नाही.

चाकचकीत (पुणे)

माझ्या कुठल्याच कुंडीची चिप उडालेली नाही हो. पातळ थर ठेवतो. पण ताटलीवर मीही टाकणार नाही, तेवढं खरं.

शाळेतली_माती (कोल्हापूर)

मी शाळेत मुलांना शिकवते. आमची भट्टी छोटी, लाल माती, १००० च्या आसपास. आम्हाला फ्रिट भाजणं, कुटणं परवडत नाही, आणि मुलांच्या हातात सिलिकाची धूळ नकोच. आमच्याकडे दाणे घातलेल्या तयार ग्लेझच्या परदेशी बाटल्या एका पालकांनी आणून दिल्या. मुलांना फार आवडतात, भट्टी उघडली की दाणे फुलून रंगीत फुलं झालेली असतात. पण शेवटच्या मुलाच्या वाट्याला नेहमी नुसतं पाणीदार ग्लेझ येतं, दाणे तळाशी. आणि दरवेळी एकाचं तरी भांडं शेल्फला चिकटतं. काही युक्ती?

भट्टीसमोर (सांगली)

बाई, त्या बाटल्यांमधले दाणे जड असतात, कितीही हलवा, खाली बसणारच. बाटली ढवळत बसू नका. उघडून थोडं ग्लेझ बशीत ओता, तळातले दाणे चमच्याने वेगळे काढा आणि मुलांना मोजून वाटा. पहिले दोन हात नुसत्या ग्लेझचे, दाणे शेवटच्या हातात, ब्रशच्या टोकाने उचलून एकेक बसवायचे. एकावर एक ढीग नको. आणि पेन्सिलीने भांड्यावर एक रेघ मारून द्या, निम्म्या उंचीवर, दाणा त्या रेघेखाली जाणार नाही. पेन्सिल भट्टीत जळून जाते. मुलांना 'खाली लावू नका' सांगून उपयोग नसतो, रेघ कळते.

शेल्फला किल्न वॉश द्या, वर सांगितलेलं अॅल्युमिना आणि चायना क्ले. आणि त्या भांड्यांत पाणी पिऊ देऊ नका, बाटलीवर 'फूड सेफ' असलं तरी. तो शिक्का नुसत्या ग्लेझचा असतो, वर खडबडीत दाणे आले की गोष्ट वेगळी.

गोदाकाठची_माती (नाशिक)

सगळ्यांचे आभार. पोतं बघितलं, 'वॉल टाइल'च लिहिलंय. डीलरला शिशाबद्दल मेल टाकलाय.

काकांनी सांगितलं तसं वोलॅस्टोनाइट घालून निळा घट्ट दाणा केला, ८३० ला वाटीत भाजला. वाटीला अजिबात धरला नाही. ३०-६० मधला माल एका बरणीत, पीठ बादलीत. उभ्या 'एल' टाइलवर तीनास एक मिश्रण लावलं. दाणे उभे राहिले, मधेमधे ग्रिटची छोटी तळी, आणि ओघळ नखाएवढासुद्धा नाही. निळ्याभोवती झाक आहे थोडी, कारण स्टेन संपला होता, कोबाल्ट कार्बोनेट घातलं. मला आवडली, काका रागावू नका. ताटल्यांच्या आत काही नाही, फक्त बाहेरच्या काठाला घेणार. दुकानदारालाही सांगितलं, तो म्हणाला उलट बरं, एकावर एक रचल्या की छान दिसतात. रचल्या की दाणे खालच्या ताटलीला ओरखडे काढतील हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

अडचण एकच आहे. दाणे लावून झाल्यावर ते पक्के व्हावेत म्हणून वरून डिंकाचं पाणी फवारलं, तर कडेचे बरेच दाणे फवाऱ्याने उडून गेले, आणि भट्टीत चढवताना आणखी गळाले. फुलदाणीच्या मानेवर तर पट्टाच मोकळा झाला.

भट्टीसमोर (सांगली)

रागावत नाही, झाक तुमच्या टाइलवर आहे, माझ्या नाही.

फवारा जवळून मारलात. हातभर लांबून, आणि भांड्याकडे रोखू नका. वर हवेत मारा, तुषार खाली बसू द्या. द्रावण अर्धा टक्काच ठेवा, १ टक्क्याचं नोझलमधून थेंबाने येतं आणि थेंब दाणे वाहून नेतो. एक फवारा, वाळू द्या, दुसरा फवारा. घाई असेल तर हेअर ड्रायर लावू नका, तो सगळं उडवेल.

मानेवर डिंक आधीच वाळला असणार. तिथे भांडं अरुंद असतं, ब्रश एक फेरी मारून येईपर्यंत सुरुवातीचा भाग कोरडा. मानेपुरत्या सीएमसीत ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाका, ओल जास्त वेळ राहते. भट्टीत चढवताना भांडं मानेला न धरता आत हात घालून उचला, फुलदाणीचं तोंड लहान असेल तर बुडाशी दोन्ही तळहातांनी.

ताटल्या रचण्याचं: बूड घासून गुळगुळीत करा आणि दाण्यांचा पट्टा अशा जागी घ्या की रचल्यावर तो खालच्या ताटलीला टेकणार नाही. ते न जमल्यास प्रत्येक दोन ताटल्यांमध्ये कागद घालून द्या, आणि दुकानदाराला आत्ताच सांगा. दिवाळीच्या आठवड्यात परत आलेल्या ताटल्या घेऊन बसण्यापेक्षा ते बरं.